कॅमेरा उचलण्याआधी रेशो ठरवा

लग्नाच्या फोटोग्राफीत नव्याने येणारी मुलं लेन्सबद्दल खूप विचारतात, रेशोबद्दल क्वचितच. काम मात्र तिथेच अडतं.

रेशो म्हणजे चित्राची रुंदी आणि उंची यांचं प्रमाण. मेगापिक्सेलशी त्याचा संबंध नाही. डीएसएलआरचा फोटो साधारणपणे ३:२ येतो, कारण हा आकार ३५ मिमी फिल्मच्या ३६ बाय २४ मिमी चौकटीतून आला. मोबाइल बहुधा ४:३ काढतो, व्हिडिओ १६:९.

आता स्टेजवरचा ग्रुप फोटो घ्या. फाइल ६००० बाय ४००० पिक्सेल. ८ बाय १२ इंचांची प्रिंट काढली तर फोटो जसाच्या तसा बसतो. पण घरच्यांना ८ बाय १० हवी असेल, तर रुंदी ५००० वर येते. दोन्ही कडांचे पाचपाचशे पिक्सेल गेले, आणि त्यांच्यासोबत एका टोकाचे मामा नि दुसऱ्या टोकाची आत्या. म्हणून ग्रुप घेताना दोन्ही बाजूंना रुंदीचा निदान बारावा हिस्सा मोकळा सोडा. माणसं जास्त असतील तर मागच्या रांगेत उभी करा, पण कडेला कोंबू नका.

अल्बममध्ये तर याहून मोठी कात्री लागते. १२ बाय ३६ ची शीट म्हणजे ३:१. त्यावर एकच फोटो पूर्ण पसरायचा तर ३:२ फोटोची निम्मी उंची जाते; ४००० पैकी २००० पिक्सेल उरतात. जवळून घेतलेला जोडप्याचा फोटो तिथे चालतच नाही. मांडव, सजावट, माणसं असा लांबून घेतलेला फोटो मुद्दाम वेगळा काढून ठेवा, महत्त्वाचं सगळं मधल्या पट्ट्यात ठेवा आणि शीटच्या घडीवर कुणाचा चेहरा येऊ देऊ नका.

रीलचं गणित वेगळं. ३८४० बाय २१६० च्या आडव्या फोर-के व्हिडिओतून ९:१६ उभा तुकडा कापला तर रुंदी उरते १२१५ पिक्सेल, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. रीलसाठी क्वालिटी पुरते, अडचण मांडणीची आहे. हार घालताना वधू-वर समोरासमोर असतात. उभ्या तुकड्यात बऱ्याचदा एकच जण मावतो. अशा क्षणांना दुसरा कॅमेरा उभा धरलेला असू द्या.

सिनेमाचा लुक म्हणून टीझरला वर-खाली काळे पट्टे लावण्याची हौस मला पटत नाही. १९५३ साली सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चित्राचं सिनेमा तंत्र, आलं ते टीव्हीपुढे बसलेल्या प्रेक्षकांना थिएटरच्या भव्य पडद्याकडे ओढायला. फुल एचडीत (१९२० बाय १०८०) २.३९:१ रेशोसाठी पट्टे लावले की १०८० पैकी जेमतेम ८०३ ओळी चित्राला उरतात. मोबाइल उभा धरून पाहणाऱ्याला ती बारीक चिंधी दिसते. तरीही हवेच असतील तर शूट करतानाच मॉनिटरवर तशा खुणा लावून घ्या. नाहीतर फेट्याचे तुरे कापले जातात.

ऑर्डर घेताना तारखेसोबत हेही लिहून घ्या: भिंतीवरच्या फ्रेमचं माप, अल्बमच्या शीटचं माप, रील हवंय का, आणि हॉलमध्ये एलईडी वॉल असेल तर तिची रुंदी आणि उंची.