नदीतली टर्बाइन: पैसे पाण्यात घालणाऱ्या चुका

धरण न बांधता थेट प्रवाहात सोडायच्या टर्बाइनबाबत सगळ्यात महाग चूक ती विकत घेण्याआधीच होते. नदी नुसती डोळ्यांनी मोजली जाते. "पाणी भरपूर आहे की!" असेल, पण ते पळायला हवं. प्रवाहातली शक्ती वेगाच्या घनाने वाढते. एक चौरस मीटर जागेतून सेकंदाला १ मीटर वेगाने जाणाऱ्या पाण्यात ५०० वॅट असतात, २ मीटरने जाणाऱ्यात ४,०००. बेट्झच्या मर्यादेप्रमाणे त्यातले फार तर ५९ टक्के काढता येतात. छोट्या यंत्रात तिसरा हिस्सा तारेपर्यंत पोचला तरी नशीब. म्हणजे १ मीटर वेगाला दीडशे वॅट. संथ डोहाकाठी जागा बघायलाही जाऊ नका.

वेग मोजायला नारळ पुरतो. काठावर १० मीटर अंतराने दोन खुंट्या ठोका आणि थोडा वरून नारळ सोडा. ८ सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग १.२५ मीटर. त्याला ०.८५ ने गुणा, खोलीतली सरासरी साधारण १.०६ येते. फरक किरकोळ वाटतो, पण घन केला की जवळजवळ चाळीस टक्के वीज गेलेली असते. हे माप एप्रिलात घ्या. श्रावणात कुठलाही ओढा टर्बाइन फिरवतो!

सह्याद्रीतल्या वाडीला तर बहुतेकदा हे यंत्रच चुकीचं असतं. ओढा १० मीटर खाली उतरत असेल तर सेकंदाला ५ लिटर पाणी पाइपातून आणून अडीचशेच्या आसपास वॅट मिळतात. तिथे पिको हायड्रो, म्हणजे उंचीवरून पाइपातून आणलेल्या पाण्यावर चालणारं छोटं जनित्र बसवा.

दुसरी चूक म्हणजे वाहून येणारा कचरा विसरणं. अलास्कात युकॉन नदीवर रुबी गावात २००८ मध्ये ५ किलोवॅटची, ईगल गावात २०१० मध्ये २५ किलोवॅटची टर्बाइन उतरवली. दोन्हीकडे ओंडक्यांनी आणि मुळासकट वाहत आलेल्या झाडांनी जेरीस आणलं. त्याच राज्यात इगियुगिग या सत्तरेक वस्तीच्या गावाने २०१९ मध्ये टर्बाइन बसवली. तिथली क्वीजॅक नदी इलियाम्ना सरोवरातून निघते, त्यामुळे तिच्यात लाकडं फारशी येतच नाहीत. (हिवाळ्यातल्या बर्फाचा त्रास मात्र तिलाही आहे.) तेव्हा जागा निवडताना वरच्या अंगाला काय आहे ते आधी बघा, तळं की जंगल.

कचरा अडवायला पात्यांसमोर बारीक जाळी लावणं हा हमखास फसणारा उपाय. पालापाचोळ्याने ती तासाभरात लिंपते, पाणी अडतं आणि सगळी ओढ यंत्राला जागी धरणाऱ्या नांगराच्या दोरावर येते. त्यापेक्षा बरंच पुढे, टोक प्रवाहाकडे करून इंग्रजी व्हीच्या आकाराचा तिरका अडसर लावा. ओंडका त्याला घासून बाजूला सरकतो. फेरे हळूहळू कमी होत गेले तर पात्यांत वेल किंवा दोरी गुंतली असं समजा. घरघर आणि थरथर एकदम सुरू झाली तर वाकलेलं पातं किंवा बेअरिंगमधली वाळू तपासा. हात घालण्याआधी यंत्र काठाला ओढून घ्या. चालू प्रवाहात कुणी उतरू नये.

मग सोलरचा चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरी जास्त भरू न देणारी पेटी. घरात पडलेला असतो म्हणून तोच जोडतात. बॅटरी भरली की तो तार तोडतो. सौर पॅनेलला त्याने काही होत नाही, पण भार सुटलेली टर्बाइन पिसाटते, व्होल्टेज चढतं आणि इलेक्ट्रॉनिक्स जळतं. जास्तीची वीज पाणी तापवायच्या कॉइलकडे वळवणारा कंट्रोलर घ्या.

दिवे मिणमिणताहेत? टर्बाइनला दोष देण्याआधी केबल बघा. ३०० वॅट १२ व्होल्टवर न्यायचे म्हणजे २५ अँपिअर. १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून १०० मीटरवर नेताना पावणेनऊ व्होल्ट वाटेतच जातात. तीच वीज ४८ व्होल्टवर नेली तर जेमतेम सव्वादोन.