घर झालं, आता अंगण : पावसाळ्याआधी या चुका टाळा

कोल्हापुरात नवं घर बांधणाऱ्याचं वेळापत्रक बहुतेक ठरलेलं असतं. दिवाळीनंतर स्लॅब, संक्रांतीनंतर गिलावा आणि वैशाखातला मुहूर्त बघून वास्तुशांत. पै-पाहुणे यायच्या आत रंग झाला पाहिजे, गेट लागलं पाहिजे, दारात पेव्हर, म्हणजे काँक्रीटचे फरसबंदीचे ठोकळे, दिसले पाहिजेत. तोवर पैसा आणि धीर दोन्ही संपत आलेले असतात. मग बाहेरची कामं कशी होतात? जे डोळ्यांत भरतं ते आधी. जे मातीखाली जातं ते नंतर, नाहीतर कधीच नाही. जूनमध्ये झड लागली की याच क्रमाची किंमत मोजावी लागते.

बाहेरच्या कामात रंग, फरशी, गेट, बाग हे सगळं दुय्यम. पहिला प्रश्न एकच : पाणी कुठं जाणार? गवंड्याला विचारा, तो थापी न थांबवता सांगेल, "सायब, पाणी आपली वाट काढतंय की!" काढतंच, त्यात शंका नाही. फक्त ती वाट कधी पोर्चमधून जाते, कधी जोत्याखालून.

हिशोब मांडून बघा. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला की साधारण २,३५० लिटर पाणी खाली येतं. आपल्याकडं आषाढात एका दिवसात दोन-तीन इंच पडणं काही नवलाचं नाही. एवढं पाणी गच्चीच्या पाइपांतून घराच्या कोपऱ्यावर ओतायचं आणि वर म्हणायचं, अंगण खचलं कसं!

ढाळ नजरेनं ठरवू नका

घराच्या भिंतीपासून अंगणाचा ढाळ बाहेरच्या बाजूला हवा, आणि तो ५० ते ६० फुटांना एक फूट तरी हवा. म्हणजे जोत्यापासून गेटपर्यंत २० फूट अंतर असेल तर गेटाजवळची पातळी चार इंच खाली. नजरेला हे चार इंच कळत नाहीत. म्हणूनच "दिसतोय की उतार" या भरवशावर काम सोडू नये. पाणी भरलेली पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, एक टोक जोत्याच्या खुणेवर धरा, दुसरं गेटाच्या खांबावर. दोन्हीकडं पाणी स्थिरावलं की खांबावर पेन्सिलीनं रेघ मारा आणि तिथून चार इंच खाली दुसरी रेघ. दोरी त्या दुसऱ्या रेघेला बांधायची. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते पेव्हरचा ट्रक यायच्या आधी व्हायला हवं.

गोची होते ती रस्ता उंच असल्यावर. आपल्या वसाहतींतून डांबराचा थर थरावर चढत जातो आणि दहा-पंधरा वर्षांत रस्ता अंगणाच्या वर येतो. नवं घर बांधतानाच रस्ता अंगणाच्या बरोबरीला असेल, तर पाणी गेटाकडं काढण्यात अर्थ नाही. गेटाच्या आतल्या अंगाला आडवं जाळीचं गटार घ्या आणि त्याला बाजूनं वाट द्या. जाळी उचलता येईल अशीच बसवा. सिमेंटात पक्की केलेली जाळी पहिल्या पाचोळ्याला तुंबते आणि मग पहारीनं फोडावी लागते.

तपासणी फुकट आहे. एप्रिल-मे महिन्यात वळीव येतोच. तो पडून गेला की अर्ध्या तासानं अंगणात फिरा आणि जिथं डबकं आहे तिथं खडूनं गोल काढा. वळीव हुकला तर पाण्याचा पाइप लावून बघा.

ताज्या भरावावर लगेच पेव्हर

सर्वांत जास्त तक्रारी याच कामाच्या असतात : पहिल्याच पावसाळ्यात भिंतीलगतची दोन-तीन फुटांची पट्टी खाली बसली. दोष पेव्हरचा नसतो. पाया खणताना भिंतीच्या बाहेर जी चर राहिली, ती नंतर निघालेल्या मातीनं, विटांच्या तुकड्यांनी, कधी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांसकट भरलेली असते. तिच्यावर कधी पाणी मारलेलं नसतं, माती ठोकून बसवणारा धुमस चालवलेला नसतो. एक पावसाळा पिऊन ती माती आपोआप बसते आणि वरचे ठोकळे सोबत घेऊन जाते.

शक्य असेल तर पेव्हर एका पावसाळ्यानंतर घाला. लोकांना हे पटत नाही हे मला माहीत आहे. वास्तुशांतीला चिखल दिसेल म्हणतात. मग निदान भिंतीलगतची चर पुन्हा उकरा, सहा-सहा इंचांच्या थरात मुरूम भरा, प्रत्येक थराला पाणी मारा आणि कॉम्पॅक्टर फिरवा.

नदीकडच्या काळ्या मातीत याहून जास्त काळजी घ्यावी लागते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, वरचं काहीही सरळ राहू देत नाही. दीड फूट काढून टाकायची आणि मुरमानं भरायची. आर. के. नगर, पाचगावकडं मुरमाड जमीन लागते तिथं हा खर्च बराच वाचतो.

आणि एक खास आपल्याकडची चूक. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांमधली, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्यांमधली, वापरून झालेली काळी वाळू स्वस्तात, कधी फुकटही दारात येऊन पडते. भरावाला चालेल, म्हणून लोक ती पेव्हरखाली पसरतात. या वाळूला साच्यात धरून ठेवण्यासाठी तिच्यात बेंटोनाइट नावाची माती मिसळलेली असते, शिवाय कोळशाची पूडही असते. बेंटोनाइट पाणी धरून ठेवतं आणि फुगतं. पेव्हरखाली पाण्याचा निचरा होणारा थर लागतो, त्यामुळं तिथं कच (खडी फोडताना निघणारा बारीक चुरा) किंवा क्रश सँडच हवी. बागेच्या मातीत तर ही काळी वाळू मिसळूच नये.

थरही दीड इंचाच्या वर नको. खालची पातळी चुकली म्हणून चार इंच कच ओतून वर ठोकळे सारखे करणारा कारागीर तुमच्यासमोर सुंदर काम करून जाईल, गाडीच्या चाकाखाली ते महिन्याभरात लाटेसारखं होईल. पार्किंगला ६० मिलिमीटर जाडीचा ठोकळा पुरतो, जड वाहन आत येणार असेल तर ८०. कडेचे ठोकळे काँक्रीटच्या पट्टीनं बांधून घ्या. सांध्यांत सिमेंटचं पाणी सोडू देऊ नका. ते तडकतं आणि पुढं एक ठोकळा काढायचा तर शेजारचे चार फुटतात. सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडूनं भरायची, एवढंच.

ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं पेव्हरखाली गाडणारेही आहेत. दिसायला छान. पण गणपतीत घरात पंधरा माणसं असताना चेंबर तुंबला की झाकण कुठं होतं यावरून घरात वाद सुरू होतात.

पेव्हर पडायच्या आधी आडव्या दोन-तीन रिकाम्या पाइपा जमिनीत टाकून ठेवा, दोन इंची, दोन्ही टोकांना बूच लावून. गेटचा दिवा, बेल, कॅमेरा, झाडांची ठिबक, उद्या गाडी चार्ज करायची जागा, हे सगळं नंतर आठवतं. पाइपांचा खर्च किरकोळ आहे आणि माती झाकायच्या आधी टेप पसरून मोबाइलवर फोटो काढून ठेवायला काहीच लागत नाही.

गेट जमिनीला घासतंय

फॅब्रिकेटर माप घ्यायला येतो तेव्हा अंगण कच्चं असतं. तो त्या दिवशीच्या मातीपासून गेट बनवतो. नंतर पेव्हर चढतात, घराकडं ढाळ चढत जातो आणि आत उघडणारं गेट अर्ध्यात अडकतं. गणित सोपं आहे. पाच फुटांचं पान आत उघडताना साठाला एक ढाळावर एक इंच वर चढलेली जमीन त्याला भेटते. म्हणजे बंद गेटाखाली दोन इंच तरी मोकळे हवेत. रॅम्प गेटाच्या आत येत असेल आणि चढ दहाला एक असेल, तर तेच पान सहा इंच उंच जमिनीवर आदळणार. तिथं सरकतं गेट घ्या किंवा रॅम्प गेटापासून आणखी आत न्या. रस्त्याकडं गेट उघडायची पळवाट काढू नका, रस्ता आपला नाही.

रॅम्प काढताना दारातलं गटार काँक्रीटनं बुजवून टाकणं ही अख्ख्या गल्लीला भोवणारी चूक आहे. पाइप टाका आणि मधे उचलता येणारी जाळी ठेवा.

पोर्चमध्ये चकचकीत फरशी का टाकतात हे मला आजवर उमजलेलं नाही. पावसात ओल्या चपलेनं येणारं माणूस, त्यात घरात आजी-आजोबा. खरखरीत पार्किंग टाइल, पॉलिश न केलेला शहाबाद किंवा फ्लेम केलेला, म्हणजे आचेनं खरखरीत केलेला, ग्रॅनाइट घ्या. पायरीलाही बोटभर ढाळ पुढच्या बाजूला द्या.

ओल्या गिलाव्यावर रंग

गिलाव्यावर किमान सात दिवस पाणी मारायचं आणि त्यानंतर तो वाळू द्यायचा. ढोबळमानानं गिलावा झाल्यापासून २८ दिवस. मुहूर्त जवळ आला की हे दिवस पहिल्यांदा कापले जातात. नवा गिलावा अल्कलीयुक्त असतो. त्यातली ओल रंगाच्या आतून बाहेर यायला बघते, मग फुगे येतात, पापुद्रे सुटतात आणि पांढरी पूड फुटते.

भिंत वाळली का, हे हात लावून कळत नाही. दीड फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून दव दिसलं तर थांबा. मुहूर्त थांबणार नसेल तर आतल्या खोल्या पुऱ्या करा आणि बाहेरचा रंग दिवाळीवर ढकला. एक पावसाळा उघड्या गिलाव्यानं काही बिघडत नाही. उलट भेगा कुठं आहेत ते कळतं, त्या नीट भरून मग रंग देता येतो.

बाहेर पुट्टी लावायचीच असेल तर पांढऱ्या सिमेंटची. आतल्या भिंतीसाठीची अ‍ॅक्रिलिक पुट्टी बाहेर टिकत नाही.

पांढरा खार आधीच फुटला असेल तर ॲसिड ओतत बसू नका. कोरड्या ब्रशनं झाडा, ओल कुठून येते ते शोधा, मग रंगाचा विचार करा. भिंतीचा खालचा फूट-दीड फूटच ओला दिसत असेल तर बहुतेक वेळा कारण बाहेरच सापडतं : फुलझाडांचा वाफा थेट भिंतीला लावलेला आणि त्यातली माती डीपीसीच्या, म्हणजे जोत्यावरच्या ओल अडवणाऱ्या थराच्या, वर गेलेली. माती खाली करा आणि वाफा दोन-तीन फूट दूर सरकवा. वरून कितीही वॉटरप्रूफ रंग चोपडला तरी ही ओल जात नाही. छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच नसेल, तर पाणी कडेवरून मागं वळून भिंतीवर ओघळतं. काळे पट्टे तिथूनच येतात.

जांभ्याचं कंपाउंड उघडं ठेवायची आता हौस आहे, आणि ते दिसतंही देखणं. पण त्यावर चकाकी येणारं लॅकर मारू नका. जांभा सच्छिद्र असतो, आतली ओल लॅकरखाली अडकते आणि एक-दोन पावसात सालं निघतात. वर दोन्हीकडं पुढं आलेली टोपी बसवा, निम्मं शेवाळ तिथंच थांबतं.

गच्चीला भोकं पाडू नका

वॉटरप्रूफिंग झालं, वरचा कोब्याचा पक्का थर झाला, गच्चीवर दोन दिवस पाणी साठवून बघितलं, एक थेंब खाली आला नाही. मग सोलर हीटरवाला येतो आणि स्टँडचे पाय बोल्टनं गच्चीत आवळून जातो. हेच पत्र्याच्या शेडबाबत, हेच टाकीच्या स्टँडबाबत. कोब्याच्या आधीच काँक्रीटचे छोटे चौथरे ओतून घ्या आणि बोल्ट त्यांनाच मारा. शेडचे पत्रे वळवाच्या वाऱ्यात उडतात, त्यामुळं हुक बोल्ट मोजून घ्या. पागोळ्या शेजाऱ्याच्या भिंतीवर पडणार नाहीत एवढंही बघा. सामासिक अंतरात, म्हणजे घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत, शेड टाकण्याआधी परवानगीचं काय ते विचारून घ्या.

घर नदीच्या किंवा जयंती नाल्याच्या बाजूला असेल तर एक काम वाढतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे आकडे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ ला पाणी आपल्या गल्लीत कुठवर आलं होतं ते जुन्या शेजाऱ्यांना विचारा. मोटरचा स्टार्टर, बाहेरचे सॉकेट, इन्व्हर्टर त्या खुणेच्या वर घ्या. पूर बऱ्याचदा दारातून न येता आधी ड्रेनेजमधून उलटा येतो, म्हणून बाहेर जाणाऱ्या पाइपला पाणी उलटं येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा.

झाडं शेवटी. उंबर, पिंपळ, वड भिंतीच्या फटीत आपोआप उगवतात, ते कोवळे असतानाच मुळासकट काढा. आंबा घरापासून पंधरा-वीस फूट दूर. नारळ गाडी लावायच्या जागेजवळ नको. शेवग्याची फांदी वाऱ्यात मोडते आणि केसाळ अळ्या भिंतीवर चढतात, त्यामुळं तो परसात मागं ठेवा. जास्वंद, पारिजातक, कढीपत्ता, लिंबू दारात चालतील. खड्ड्यातला राडारोडा मात्र दीड-दोन फूट खोलवर काढून चांगली माती आणि शेणखत भरा.

आणि पेव्हरचे पन्नासेक ठोकळे, पोर्चच्या टाइलची एक पेटी आणि रंगाचा कोड लिहिलेलं डब्याचं झाकण जिन्याखाली ठेवून द्या. त्याच कंपनीचा माल दोन वर्षांनी आणला तरी छटा जुळत नाही.