किटमधून ऑल-ग्रेनकडे जाताना: आधी गार करायची सोय बघा

घरी किटची, म्हणजे माल्टच्या तयार पाकाची बिअर पाच-सहा वेळा नीट जमली की हात शिवशिवायला लागतात. आता थेट माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यापासूनच करू (हेच ऑल-ग्रेन), असं वाटतं. मलाही वाटलं. मोठं पातेलं आणलं, बर्नर आणला, मॅशसाठी, म्हणजे भरडलेला माल्ट गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवायला, डबा तयार केला. सगळं यथासांग पार पडलं आणि रात्री अकरा वाजता गॅस बंद केल्यावर समोर उरला 23 लिटर उकळता वर्ट, म्हणजे यीस्ट टाकण्याआधीचा माल्टचा गोड रस. तो गार कशाने करायचा, याचा मी क्षणभरही विचार केला नव्हता.

कारण किटमध्ये ही वेळच येत नाही. दोन-तीन लिटर गरम पाण्यात डब्यातला पाक विरघळवायचा, वरून गार पाणी ओतायचं, की झालं यीस्टच्या बेताचं तापमान. ऑल-ग्रेनमध्ये वरून ओतायला गार पाणी उरतच नाही, सगळंच्या सगळं उकळलेलं असतं. मी पातेलं टबात ठेवलं. टबातलं पाणी पंधरा मिनिटांत गरम झालं, बदललं, परत गरम झालं. रात्री दोनला वर्ट 50 अंशांवर होता. झाकण लावून झोपलो, सकाळी यीस्ट टाकलं. तयार झाली ती आंबूस बिअर, वर उकडलेल्या मक्याचा वास. गरम वर्टवर झाकण ठेवलं की तो वास देणारं डायमिथाइल सल्फाइड उडून न जाता आतच राहतं, हे नंतर कळलं. सगळी बिअर ओतून द्यावी लागली. म्हणून सांगतो, सामानाच्या यादीत पहिलं नाव कॉइलचं लिहा, म्हणजे वर्टमध्ये बुडवून आतून गार पाणी सोडायच्या वेटोळ्या नळीचं. पातेल्याच्याही आधी.

आता पातेलं. 20 लिटर बिअर हवी असेल तर तळाशी गाळ म्हणून दोन-तीन लिटर जाणार, तासाभराच्या उकळीत तीन ते पाच लिटर वाफ होऊन उडणार. म्हणजे सुरुवातीला 26-27 लिटर पातेल्यात हवेत, आणि उकळी फुटताना फेस काठापर्यंत येतो तो वेगळाच. 35 लिटरच्या खालचं पातेलं घेऊ नका. पिशवीत धान्य घालून एकाच भांड्यात मॅश करणार असाल तर 40 लिटरचं घ्या. पाच किलो माल्ट साधारण पाच लिटर पाणी पिऊन बसतो, ते पाणी आधीच घालावं लागतं आणि धान्यही जागा घेतं. खाली बॉल व्हॉल्व्ह असलेलंच घ्या. उकळत्या वर्टचं पातेलं उचलायचा विचारही करू नका.

बर्नरबद्दल फार लिहीत नाही, फक्त हिशोब सांगतो. 27 लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला न्यायला विजेच्या हिशोबात सुमारे अडीच युनिट उष्णता लागते. स्वयंपाकाच्या शेगडीची निम्मी आच बाजूने निघून जाते, त्यामुळे दोन तास नुसतं बघत बसाल. मोठा बर्नर घ्या, आणि तो उघड्यावर लावा.

मॅशसाठी जाड भिंतीचा कूलर डबा उत्तम. पाच किलो माल्टला 15 लिटर पाणी धरलं तर मिश्रण 18-19 लिटर होतं, 25-30 लिटरचा डबा पुरतो. आत जाळी हवी, नाहीतर नळ तुंबतो. पिशवीची पद्धत धरलीत तर यातलं काहीच नको, एक मजबूत पिशवी पुरे. पहिल्यांदा तीच करा असं माझं मत आहे. वाचलेले पैसे कॉइलवर घाला.

थर्मामीटर मात्र चांगला घ्या. 64 अंशांना मॅश केलं तर बिअर कोरडी होते, 69 ला केलं तर भरीव, गोडसर. मधल्या पाच अंशांतच सगळा खेळ आहे आणि स्वस्तातला थर्मामीटर तीन अंश सहज चुकतो. बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात बुडवून तपासा. 20 अंशांचं धान्य आणि किलोला तीन लिटर पाणी असेल तर 67 अंश मिळवायला पाणी 73 च्या आसपास घ्यावं लागतं.

आणि कॉइल. तांब्याची किंवा स्टीलची, निदान 8-10 मीटर नळीची. पातेल्यात ठेवून बघा, वेटोळी वर्टच्या पातळीखाली बुडायला हवीत. नळाला जोडायचा तुकडा कॉइलसोबतच घ्या. तो नसेल तर कॉइल असून नसल्यासारखी. पाइपला क्लिप लावा, कारण बाहेर पडणारं पहिलं पाणी जवळजवळ उकळतं असतं, त्याने साधा प्लास्टिक पाइप मऊ पडून निसटतो. सिलिकॉनचा असेल तर निर्धास्त. आदल्या दिवशी पाणी सोडून सांधे गळत नाहीत ना ते पाहा. गळलं तर कच्चं पाणी थेट वर्टमध्ये. उकळीच्या शेवटच्या 15 मिनिटांत कॉइल आत सोडायची म्हणजे ती निर्जंतुक होते. गार करताना वर्ट हलवत राहा, नुसती कॉइल ठेवून दिलीत तर तिच्याभोवतीचाच थर गार होतो. आणि नळाचं पाणीच कोमट असेल तर वर्ट त्याच्याखाली जाणार नाही. 40 पर्यंत नळावर आणा, मग बादलीत बर्फाचं पाणी आणि छोटा पंप लावून तेच फिरवा. बर्फ आधी जमवून ठेवा. रात्री अकराला मिळत नाही.

फर्मेंटर (बिअर आंबवायचा डबा), एअरलॉक (त्यातला वायू बाहेर सोडणारी झडप), हायड्रोमीटर (साखरेचं प्रमाण मोजायला), सॅनिटायझर किटचेच चालतात. माल्ट भरडून आणा, गिरणी सध्या नको. हॉप्ससाठी, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांसाठी, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. पीएचच्या पट्ट्या पुढे कधीतरी. लांब पळी, जाड हातमोजे. बस.

दिवस ठरवण्याआधी 25 लिटर साधं पाणी तासभर उकळा, किती उडालं ते मोजा, मग कॉइल लावून 20 अंशांवर यायला किती मिनिटं लागतात ते घड्याळात बघा. अर्ध्या-पाऊण तासाच्या वर गेलं तर आधी कॉइलचं बघा, माल्ट नंतर आणा.