टेस्टचे बिल्ड रूल आवरायला घेण्यापूर्वी

कुठल्याही बिल्ड रूलला, म्हणजे कोणत्या फायलींपासून काय बांधायचं हे सांगणाऱ्या सूचनेला, हात लावण्याआधी, आज नेमक्या कोणत्या टेस्ट बांधल्या जातात ते पाहून घ्या. सीमेक हे बिल्डचं साधन वापरत असाल तर सीटेस्टला, म्हणजे त्याच्या टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, कॅपिटल एनचा पर्याय दिला, की तो काहीही न चालवता नुसती नावं छापतो. ती यादी फाइलमध्ये ठेवा आणि टेस्टच्या सोर्स फायलींशी ताडून बघा. जुन्या प्रोजेक्टमध्ये एखादी तरी फाइल अशी निघतेच, जी कुठल्याच रूलमध्ये नाही आणि म्हणून कधी कंपाइलच होत नाही. आवरून झाल्यावर यादी पुन्हा काढून डिफ, म्हणजे दोन याद्यांमधला फरक, बघायचा. 'सगळ्या पास' एवढ्यावर विसंबू नका. जी बांधलीच गेली नाही ती टेस्ट फेल कुठून होणार?

टेस्टना वेगळं फोल्डर, त्यात त्यांची स्वतःची बिल्ड फाइल, आणि वरच्या फाइलमधून तिला बोलावणारी एकच ओळ, तीही एका स्विचमागे. सीमेकमध्ये सीटेस्टचं मॉड्यूल इन्क्लूड केलं की 'बिल्ड टेस्टिंग' हा स्विच आयता मिळतो आणि तो मुळात चालूच असतो. टेस्टिंग सुरू करणारी आज्ञा मात्र टॉप लेव्हलच्या फाइलमध्येच हवी. ती आतल्या फोल्डरमध्ये लिहिली, तर मुख्य बिल्ड फोल्डरमधून सीटेस्टला एकही टेस्ट सापडत नाही. साध्या मेक या जुन्या बिल्ड साधनावर असाल आणि फोल्डरचं नाव 'टेस्ट' असेल, तर त्याच नावाचं टार्गेट फोनी, म्हणजे खऱ्या फाइलशी संबंध नसलेलं, म्हणून जाहीर करा. नाहीतर मेक ते फोल्डर बघून 'अप टू डेट' म्हणतो आणि काहीच करत नाही.

अवलंबित्वाची दिशा एकच: टेस्ट मूळ कोडवर अवलंबून असेल, मूळ कोड टेस्टवर नाही. बेझल या बिल्ड साधनात टेस्टच्या मदतनीस लायब्ररीला 'टेस्टओन्ली' लावलं, की उलटी दिशा बिल्डच्या वेळीच अडते. लिनक्स कर्नलच्या केयुनिट या टेस्ट चौकटीतही हेच पथ्य आहे. के-कॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय ठरवणाऱ्या फायलींत, टेस्टने मूळ फीचरवर 'डिपेंड्स ऑन' (ते चालू असेल तरच) म्हणायचं, 'सिलेक्ट' (ते आपणच चालू करा) नाही. कोणी सगळ्या टेस्ट एकदम चालू केल्या, तर नको असलेले ड्रायव्हरही सोबत ओढले जाऊ नयेत, हा हेतू.

फायलींची नावं हातानेच लिहा. ग्लॉबचा, म्हणजे 'या फोल्डरमधल्या सगळ्या फायली' असा एकच नमुना लिहिण्याचा, मोह होतो, पण नवी फाइल आली तरी सीमेकला तिचा पत्ता नसतो. त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्येही सोर्ससाठी ग्लॉबची शिफारस नाही. (एका ओळीचा आळस, दुसरं काय!)

फाइल हलवणं आणि तिचा रूल बदलणं एकाच कमिटमध्ये करा, म्हणजे चूक कोणत्या कमिटमध्ये शिरली ते शोधणारी गिट बायसेक्ट ही आज्ञा मधल्या तुटक्या कमिटवर अडकणार नाही. पुश करण्याआधी रिकाम्या फोल्डरमधून दोन बिल्ड काढा: एक टेस्ट चालू ठेवून, एक बंद ठेवून. बंद ठेवल्यावर बिल्ड मोडलं, तर मूळ कोड अजून टेस्टच्या फोल्डरमधली एखादी हेडर फाइल इन्क्लूड करत असण्याचीच शक्यता जास्त.