रोलचा हार्डनेस घेण्याआधी

सायझिंगच्या (सुताला खळ लावण्याच्या) यंत्राच्या रबरी रोलचा किंवा यंत्रमागाच्या रबरी बफरचा हार्डनेस, म्हणजे कडकपणा, उद्या घ्यायचा असेल, तर तयारीला आज संध्याकाळीच लागा. आपल्या सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेलं रबर इतकं तापतं की आकडा असायला हवा त्यापेक्षा कमी येतो. प्रमाण तपासणी २३ अंशांवर करतात, फार तर दोन अंश इकडे-तिकडे. तेव्हा नमुने आणि हार्डनेसचा मीटर (याचं स्प्रिंगवरचं टोक रबरात दाबून आकडा वाचतात) रात्रभर एसीच्या खोलीत शेजारी-शेजारी ठेवा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत काम करताना मी एकदा टेम्पोतून उतरवलेली रबर शीट तशीच गरम असताना मोजली, आकडा कमी भरला म्हणून अख्खा माल परत पाठवला. माल चांगला होता. पुरवठादाराला जाण्या-येण्याचं भाडं माझ्यामुळे पडलं, ही गोष्ट आजही मनाला लागून आहे. रबर नुकतंच व्हल्कनाइज (तापवून पक्कं) झालेलं असेल, तर आधी किमान १६ तास जाऊ द्या.

मीटर कोणता घ्यायचा हेही आजच ठरवा. बफर, गॅस्केट, रोलवरचं रबर यांना शोअर ए, म्हणजे मऊ रबरासाठीचा मीटर. त्यावर आकडा ९०च्या पुढे जाऊ लागला की शोअर डी, म्हणजे कडक मालासाठीचा मीटर घ्या, कारण डीचं टोक अणकुचीदार असतं आणि स्प्रिंग एपेक्षा पाचपटीहून जोरदार. एचे ९० आणि डीचे ९० यांचा एकमेकांशी संबंध नाही, म्हणून वहीत आकड्यापुढे अक्षर लिहायचंच. मीटर हवेत धरल्यावर काटा शून्यावर हवा आणि सपाट काचेवर दाबल्यावर १००वर.

नमुन्यावरची शंखजिऱ्याची पावडर पुसून काढा. जाडी किमान ६ मिलिमीटर हवी. कमी असेल तर थर रचा, पण तीनच्या वर नको. मध्ये हवा राहिली तर खोटा मऊपणा दिसतो. काठापासून १२ मिलिमीटर आत, एकमेकांपासून निदान ६ मिलिमीटर अंतरावर पाच खुणा करून ठेवा. पाच आकड्यांतला मधला धरायचा.

सगळ्यात जास्त घोळ दाबण्यात होतो. हाताने दाबलं की प्रत्येकाचा जोर निराळा, त्यामुळे शक्य असेल तर स्टँड आणि ए मीटरसाठी १ किलोचं वजन मागवून ठेवा. सोबत सेकंद दाखवणारं घड्याळ हवं. रबराचा आकडा ३ सेकंदांनी वाचतात. मऊ प्लास्टिक टोकाखाली हळूहळू खचत राहतं, काटा खाली येत जातो, म्हणून तिथे १५ सेकंद थांबायचं. एकाने लगेच वाचलं आणि दुसऱ्याने थांबून, तर एकाच तुकड्यावरून भांडण होतं, आणि चूक दोघांचीही नसते.

रोल गोल असल्याने मीटरचा पाया पूर्ण टेकत नाही. रोलच्या माथ्यावरच्या रेषेवर मीटर सरळ उभा धरा आणि मागच्या वेळच्याच जागांवर मोजा. बारीक ओ-रिंग मात्र या मीटरखाली घालू नका, ती मायक्रो आयआरएचडी, म्हणजे बारीक नमुन्यांचा हार्डनेस मोजणाऱ्या यंत्राकडे पाठवा. वहीत तारीख, तापमान, सेकंद आणि थरांची संख्या यांचे रकाने आत्ताच आखून ठेवा.