मुलांसोबत दिवाळीचा किल्ला करताना या चुका टाळा

सहामाही परीक्षा संपते त्या दुपारी आमच्या सोसायटीतली मुलं दारात येतात आणि एकच विचारतात, "काकू, माती आणली का?" गेली काही वर्षं मी चार ते नऊ वर्षांच्या मुलांबरोबर किल्ला करते. दरवर्षी काहीतरी बिघडतं, आणि बहुतेकदा जुन्याच कारणांनी बिघडतं.

पहिलं कारण म्हणजे उशीर. वसुबारसेला किल्ला तयार हवा आणि आपण जागे होतो आदल्या संध्याकाळी. मग माती ओली असतानाच रंग लावला जातो, रंग ओला असतानाच मावळे उभे राहतात आणि हिरवळीसाठी पेरलेलं हळीव उगवायला वेळच उरत नाही. वसुबारसेच्या निदान आठ दिवस आधी सांगाडा उभा करा. रोज सकाळी किंवा उन्हं कलल्यावर अर्धा तास पुरतो. ऑक्टोबरच्या भर दुपारी मुलांना अंगणात बसवू नका. लहानग्यांचं लक्ष पंधरा-वीस मिनिटांत उडतं. ती उठून गेली तर जाऊ द्यावं, उद्या परत येतात.

तडे का जातात?

सगळ्यात जास्त रडारड याच गोष्टीवरून होते. संध्याकाळी गुळगुळीत दिसणारा बुरूज सकाळी भेगाळलेला असतो. दोष बहुतेक वेळा मातीचा असतो. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळताना आक्रसते. नुसत्या काळ्या मातीचा जाड लेप दिला की तो फाटणारच. लाल माती मिळाली तर उत्तम. नाहीतर काळ्या मातीत चाळलेली रेती आणि थोडा लाकडाचा भुसा किंवा बारीक चिरलेलं वाळकं गवत मिसळा. गवत लेपाला धरून ठेवतं.

नर्सरीतून आणलेल्या पिशवीतली माती किल्ल्याला चालत नाही. तिच्यात खत आणि कोकोपीट असतं, ती भुसभुशीत राहते, थापली तरी धरत नाही. ती हळिवासाठी वरून भुरभुरायला ठेवा.

दुसरी चूक आतल्या सांगाड्याची. पुठ्ठ्याचे खोके रचून त्यावर चिखल थापला की दोन दिवसांत खोका भिजून बसतो आणि बालेकिल्ला खाली येतो. आत दगड-विटाच हव्यात, त्यावर गोणपाट. गोणपाट कोरडं टाकू नका. कोरडं गोणपाट चिखलातलं पाणी ओढून घेतं आणि वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो. घमेल्यात पातळ चिखल कालवून त्यात ते पूर्ण बुडवा, मग पसरा. हे काम मुलांना सगळ्यात आवडतं आणि तीन वर्षांच्या मुलालाही जमतं. त्यावर बोटभर जाडीचा एक थर द्या, तो सावलीत वाळू द्या, मग दुसरा.

एवढं करूनही भेग पडलीच तर कोरडी माती कोंबू नका, ती गळून पडते. आधी भेग पाण्याने ओली करा, मग घट्ट कालवलेला गारा बोटाने आत दाबा. परतीचा पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही, म्हणून प्लास्टिकचा मोठा कागद हाताशी ठेवा.

हळीव उगवलं नाही

हळीव आधी भिजत घालू नका. भिजलं की त्याला बुळबुळीत आवरण येतं, दाणे एकमेकांना चिकटतात आणि गोळ्यागोळ्यांनी पडतात. मातीच ओली करा आणि त्यावर कोरडं हळीव विरळ पेरा. मग हाच चिकटपणा कामाला येतो, उतारावरही दाणा घसरत नाही. मोहरी मात्र उतारावरून घरंगळते, ती सपाटीवर टाकावी. हळिवाला दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात, चार-पाच दिवसांत हिरवळ धरते. त्या हिशोबाने पेरा. मुलं उत्साहाने मूठभर एकाच जागी ओततात आणि तिथे ते कुजतं. चिमटीने टाकायला शिकवा. पाणी तांब्याने ओतलं तर दाणे वाहून जातात, फवाऱ्याची बाटली द्या.

किल्ला कोणता?

एक डोंगर आणि चार बुरूज एवढ्यावर थांबू नका. करायला घेण्याआधी मुलांना एखाद्या खऱ्या किल्ल्याचं छायाचित्र दाखवा. मध्ये बालेकिल्ला आणि तीन बाजूंना सुवेळा, संजीवनी, पद्मावती अशा तीन माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालच्या तटबंदीच्या सपाट्या, असलेला राजगड मुलांना चटकन कळतो. पाण्यातला हवा असेल तर १६६४ ते १६६७ या काळात बांधलेला सिंधुदुर्ग करा. मुरूडचा जंजिरा करून त्यावर भगवा लावलेला दरवर्षी कुठेतरी दिसतो. तो किल्ला मराठ्यांना कधीच जिंकता आला नाही, हे मुलांना सांगायला हवं. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आहेत आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. दरवर्षी त्यांतला एक निवडला तरी मुलांचं बालपण पुरतं.

गोमुखी दरवाजा शब्दांत समजावत बसू नका. दोन बुरुजांच्या आड वळणात दार लपवा आणि मुलाला खेळण्यातला हत्ती घेऊन दरवाजा शोधायला सांगा. हत्तीला धाव घ्यायला जागाच मिळत नाही, हे पाच वर्षांच्या मुलालाही स्वतःच उमगतं.

इथे हयगय नको

पावसाळ्यानंतर विटा आणि दगडांच्या ढिगात विंचू असू शकतात. ढीग मोठ्यांनीच आधी काठीने ढोसून मग हलवावा, मुलांना हात घालू देऊ नये. तळ्यात किंवा खंदकात पाणी साचून राहू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. रोज रात्री पाणी काढा. पांढऱ्या रंगासाठी चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर भाजतो. पांढरी रांगोळी पुरते. लाल रंगाला गेरू, तोही माती वाळल्यावर.

किल्ल्यात फटाका लावून तो उडवण्याची जुनी हौस आहे. आतले दगड-विटांचे तुकडे उडतात, आणि भोवती उभ्या मुलांचे डोळे त्याच उंचीवर असतात. आमच्याकडे हे पूर्ण बंद आहे.

शेवटची चूक आपल्या हातांची. मूल वाकडी पायरी करतं आणि आपण ती सरळ करतो. मग दुसरी आपणच करतो, आणि तासाभरात मूल बाजूला उभं राहून बघत असतं. मला हे बघवत नाही. गेल्या वर्षी एका चिमुरडीने पद्मावती माचीवर लाल बस ठेवली. मोठी मुलं ती काढायला निघाली, तेव्हा ती म्हणाली, "मावळे दमलेत, त्यांना घरी जायचंय." बस भाऊबीजेपर्यंत तिथेच होती.

तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडतो. मावळे पुसून खोक्यात जातात, विटा कोपऱ्यात, गोणपाट वाळवून माळ्यावर. माती गटारात ढकलू नका, चाळून कुंड्यांत भरा. आमच्या गॅलरीतल्या झेंडूच्या कुंडीत अजून कधीतरी हळिवाचा एखादा कोंब वर येतो.