रोड रेसिंगमध्ये उतरताय? आधी घोळक्यात चालवायला शिका

रोड रेसिंगवर, म्हणजे रस्त्यावरच्या सायकल शर्यतींवर, घर चालतं का, हे पालक पहिल्याच भेटीत विचारतात आणि विचारायलाच हवं. नुसत्या बक्षिसांवर आपल्याकडे घर चालत नाही, नोकरीवर चालतं. रेल्वे आणि सेनादलाचे रायडर राष्ट्रीय स्पर्धेत पुढे दिसतात, कारण त्यांना पगार, सरावाला सवड आणि रोजची संघाची सोबत हे तिन्ही मिळतं. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. मीही क्रीडा कोट्यातून नोकरीला लागलो, म्हणूनच तिशी उलटल्यावरही शर्यतीत राहू शकलो. तेव्हा जिल्ह्यापासूनचं प्रत्येक प्रमाणपत्र फाइलला लावून ठेवा. नाव आणि जन्मतारीख बरोबर लिहिली आहे ना, हे बक्षीस समारंभाच्या जागीच तपासा. पडताळणीत एका अक्षरावरून प्रकरण अडतं.

आता खेळाचं. हल्लीची पोरं आकडे घेऊन येतात: एफटीपी किती, किलोमागे वॅट किती. आकडे हवेतच, एफटीपी म्हणजे तासभर जेमतेम टिकेल एवढी ताकद, आणि ती किती हे कळल्याशिवाय सराव आखता येत नाही. पण एकट्याने कमावलेले वॅट घोळक्यात कसे जपायचे, हे कुठलंही मीटर शिकवत नाही, आणि माझ्या मते आपले बरेच तगडे रायडर तिथेच मार खातात. सपाटीवर ताशी 40 च्या वेगाला बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या चाकामागे नीट बसलात तर त्यातली पाव ते तिसरा हिस्सा सहज वाचते.

मुंबई-पुणे शर्यतीचा रस्ता नजरेसमोर आणा. खोपोली सुटली की बोरघाटाचा चढ लागतो, आणि शिंगरोबाच्या देवळापर्यंत घोळक्याची माळ तुटून विखुरलेली असते. घाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा मान मिळतो. पण लोणावळ्यापासून पुणं अजून साठ-पासष्ट किलोमीटर राहतं. कामशेत, वडगाव, देहूरोड, बराचसा मोकळा, वाऱ्याचा रस्ता. घाटात निसटलेला गडी तिथे एकटा वारा झेलतो आणि मागचे सात-आठ जण आलटूनपालटून पुढे येत त्याचं अंतर कमी करत जातात. म्हणून घाटमाथ्यावर पहिल्याने करायचं काम म्हणजे मागे बघणं. सोबत घेण्यासारखे दोघे-तिघे मागे असतील तर त्यांची वाट बघा.

आडवा वारा तर याहून कठीण. वारा डावीकडून असेल तर आडोसा पुढच्याच्या मागे नाही, उजवीकडे तिरका मिळतो. मग रायडर रस्त्यावर तिरकी रांग धरतात. पण रस्त्याची रुंदी संपली की रांगही संपते. त्यात सात-आठ जण मावले तर नववा डांबराच्या कडेला, खडीवर, उघड्या वाऱ्यात सापडतो. त्याच्यात ताकद पहिल्याइतकीच असली तरी पाच मिनिटांत तो सुटतो. रस्ता वळणार आणि वारा आडवा होणार हे आधी ओळखून जो वळणापूर्वीच पुढच्या आठात येतो, तो टिकतो. म्हणून शर्यतीच्या आदल्या दिवशी मार्ग गाडीतून नुसता बघू नका. झाडं कुठे संपतात, मोकळं शेत कुठे लागतं, ते लिहून घ्या.

हे शिकायचं तर आठवड्यातून दोनदा तरी पाच-सहा जणांनी मिळून निघा. पुढच्याच्या टायरकडे टक लावू नका, त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता बघा. जास्तच जवळ गेलात तर ब्रेक दाबण्याऐवजी जरासे वाऱ्यात बाहेर या, वेग आपोआप उतरतो. आपलं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला घुसवून चालवू नका. तो किंचित सरकला तरी पडणारा मागचाच असतो. पुढे राहायची आपली पाळी संपवून बाजूला होताना वेग वाढवणं हा नवख्यांचा ठरलेला दोष; त्याने मागची सगळी रांग ताणली जाते.

आणि दुसऱ्यासाठी राबायची तयारी ठेवा. टूर द फ्रान्समध्ये एका संघाचे आठ रायडर उतरतात, 21 टप्पे चालवतात, आणि त्यातले बहुतेक स्वतः जिंकायला आलेलेच नसतात. संघाच्या गाडीकडून पाण्याच्या बाटल्या आणणं, म्होरक्याला वाऱ्यापासून आडोसा देणं, पंक्चर झालं तर त्याला स्वतःचं चाक काढून देणं, याचाच त्यांना पगार मिळतो. मला हे काम मनापासून आवडायचं. आपला स्प्रिंटर शेवटच्या दोनशे मीटरला आपल्या चाकामागून सुटतो, तेव्हा ती जीत आपलीही असते.

परदेशाचं स्वप्न बघा, पण शिडी समजून घ्या. व्यावसायिक संघांच्या पायऱ्या अशा: वरती वर्ल्डटूर, मग प्रोटीम, मग कॉन्टिनेंटल. तळाच्या कॉन्टिनेंटल संघांना यूसीआयने, म्हणजे जागतिक सायकलिंग संघटनेने, किमान पगाराचं बंधन घातलेलं नाही, त्यामुळे करारपत्र आलं म्हणजे उत्पन्न आलं असं समजू नका. आजवर एकही भारतीय टूर द फ्रान्समध्ये उतरलेला नाही. बेल्जियममध्ये गावागावांत केरमेस शर्यती होतात: छोटे फेरे, भरपूर वळणं, मोठा घोळका. बेंगळुरूचे सायकलपटू नवीन जॉन त्या शर्यती खेळून आले आणि पुढे ऑस्ट्रेलियातल्या संघातून चालवत राहिले. घोळका शिकायला तशी शाळा नाही. जाण्याआधी भारतीय सायकलिंग फेडरेशनचा परवाना आणि परवानगीपत्र हातात ठेवा. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात यूसीआय 2.2 दर्जाची, म्हणजे अनेक टप्प्यांची, पुणे ग्रँड टूर झाली, 437 किलोमीटरची. दाराशी असा घोळका आला असेल तर घाटात एका वळणावर उभं राहा आणि कोण कुणाच्या मागे बसतो एवढंच बघा.

मुलींना आपल्याकडे मोठा घोळका क्वचितच मिळतो, तेव्हा सराव मुलांबरोबर करा, संकोच नको. कोल्हापूरच्या पूजा दानोळेने खेलो इंडियात सुवर्णपदकं मिळवली, आणि महिलांच्या वर्ल्डटूर संघांना 2020 पासून किमान पगार बंधनकारक झाला. वाट आधीपेक्षा रुंद आहे.

लांब शर्यतीत ताशी 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. केळं, खजूर, गुळाची चिक्की चालते, पण सरावात पचलेलंच शर्यतीत खा. औषधाच्या बाबतीत मात्र मी फार कडक आहे. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं आणि स्पर्धेच्या काळात ते ठरावीक मर्यादेपुढे सापडलं तर बंदी येऊ शकते. पोटात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूचीच. डॉक्टरांना आधीच सांगा की मी खेळाडू आहे, आणि नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, ‘नो युवर मेडिसिन’ ॲपवर औषधाचं नाव तपासा.

सायकलीसाठी कर्ज काढू नका. यूसीआयच्या नियमाने ती 6.8 किलोपेक्षा हलकी चालतच नाही, आणि सुरुवातीला मापात बसणारी ॲल्युमिनियमची पुरते. पैसे टायर, हेल्मेट आणि फिटिंगवर, म्हणजे सीट-हँडल अंगाला बसवून घेण्यावर, घाला. गट जन्मवर्षावरून ठरतो: ज्या वर्षी 17 किंवा 18 पूर्ण होणार ती दोन्ही वर्षं ज्युनिअर. शक्य तर त्याआधीच जिल्हा संघटनेत नाव नोंदवा, म्हणजे ज्युनिअरच्या पहिल्या वर्षी राज्य निवड चाचणीला घोळका नवा वाटणार नाही.